स्लॉट मशीनवर देवांची चित्रं लावून इंटरॅक्टिव्ह कलाकृती करतोय. चालेल का? सेन्सर कोणता घेऊ?

चित्रं नका लावू. भावना दुखावतील म्हणून नव्हे, तर पहिल्या मिनिटात सगळं कळतं आणि बघणारा पुढे सरकतो म्हणून. दैव आणि देव आपल्याकडे आधीपासूनच एका पाटावर आहेत. मोक्षपटात, म्हणजे आपल्या जुन्या सापशिडीत, वर चढायचं तेही कवड्यांचं दान पडेल तसंच.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी कौल हीच कलाकृती केली होती. कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा आणि मूर्तीला चिकटवलेली कुठली पाकळी पडते त्यावरून उत्तर घ्यायचं. आम्ही सिंधुदुर्गातले. आमच्याकडे आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखसुद्धा पंचांग नाही, कौल ठरवतो. काळ्या फायबरची, पाषाणासारखी दिसणारी मूर्ती, दोन बाजूंना कापडी पाकळ्या, मागे त्या पाडायला दोन सर्वो मोटर आणि त्यांना चालवणारा आर्डुइनो बोर्ड. मनात प्रश्न धरून घंटा ओढायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

पाकळ्या परत लावायला गॅलरीचा वॉचमन होता. चौथ्या दिवशी मी लवकर पोचलो, तर हा चपला काढून घंटेपाशी उभा. मला म्हणाला, "सर, सकाळचा पहिला उजवाच येतो. मग दोन डावे." खिशातल्या डायरीत त्याने उ-ड-ड-उ असं रोजचं मांडून ठेवलं होतं, मटकेवाले चार्ट ठेवतात तसं.

चूक माझीच. रँडमसीड, म्हणजे यादृच्छिक क्रम दर वेळी वेगळा सुरू व्हावा म्हणून द्यायचा आकडा, दिला नव्हता, त्यामुळे रोज बोर्ड चालू केला की तोच क्रम पहिल्यापासून सुरू. गाईड म्हणाले, बग आहे, काढ, ही प्रेक्षकाची फसवणूक आहे. मी काढला आणि आजही पस्तावतो. उत्तर ठाऊक असूनही तो माणूस रोज चपला काढत होता! अख्ख्या प्रदर्शनात अध्यात्म होतं ते तेवढंच. आणि गुरवाला विचारा, पाकळी ओली किती आणि कुठे चिकटवायची हे त्याला ठाऊक नसतं का? त्याला कुणी बग म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमनला डावा आला. त्याने डायरी काढली, नवीन पान उघडून 'ड' लिहिला आणि पाकळी जागेवर लावली.

सेन्सर म्हणाल तर घंटेच्या दोरीला साधा लिमिट स्विच, म्हणजे ओढलं की दबणारं बटण, पुरतो. हालचाल टिपणारा पीआयआर नको, नुसतं जवळून गेलं तरी कौल पडतो. आणि हो, माझं हे एकच प्रदर्शन, तेही शहरात. गावात मांडणार असाल तर आधी मानकऱ्यांना विचारा.