तांबीसारखेच पिल्लू पुन्हा मिळेल का?

प्रश्न : आमच्या शेतावर तांबी नावाची अडीच वर्षांची कुत्री आहे. तिची आई शेजारच्या धनगरवस्तीवरची कारवान आणि बाप लातूरच्या एका वकिलांचा लॅब्रॅडॉर. धावते ती आईसारखी. खाते मात्र बापासारखी, म्हशीच्या गव्हाणीतली सरकी पेंडही सोडत नाही. गेल्या हिवाळ्यात तिला एका श्वान प्रदर्शनात नेले, तेव्हा ‘जातीच्या रकान्यात काय लिहायचे?’ असे विचारून आम्हांला परत पाठवण्यात आले. त्याचे माझ्यापेक्षा सासऱ्यांना अधिक वाईट वाटले; तेव्हापासून ते तांबीसमोर कोणाला ‘गावठी’ हा शब्दही उच्चारू देत नाहीत. सोयरेधायरे मिळून अकरा जणांनी तिचे पिल्लू सांगून ठेवले आहे. तिचा सख्खा भाऊ निलंग्याला असतो, तो रंगाने आणि स्वभावाने तिच्यासारखाच आहे. या दोघांची जोडी लावली तर पिल्ले हुबेहूब तांबीसारखी होतील, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?
— एक वाचक भगिनी, औसा तालुका

उत्तर : तशी ती होणार नाहीत, आणि ही जोडी कृपा करून लावू नका.

तांबीला आईकडून जनुकांचा एक संच मिळाला आणि बापाकडून दुसरा. कारवान ही नजरेच्या जोरावर शिकारीमागे धावणारी जात असल्यामुळे तिचे डोके लांब व निमुळते, छाती खोल आणि पोट आत गेलेले असते, तर लॅब्रॅडॉर हा अंगाने भरलेला, पाण्यात रमणारा आणि माणसाने टाकलेली वस्तू उचलून आणणारा कुत्रा आहे. पहिल्या पिढीत प्रत्येक पिल्लाला दोन्हींकडचा एकेक संच मिळत असल्याने भावंडांमध्ये बरेच साम्य दिसते. तुमचा घोटाळा झाला तो यामुळेच. पुढच्या पिढीत मात्र हे संच फुटून नव्याने वाटले जातात. एखादे पिल्लू जवळजवळ कारवान निघेल, दुसरे जवळजवळ लॅब्रॅडॉर, आणि तिसऱ्याला कारवानचे पाय व लॅब्रॅडॉरचे धड मिळेल, जे त्याच्या सांध्यांना मानवेलच असे नाही. त्यातून नर-मादी सख्खी भावंडे असली, तर पिल्लांच्या सरासरी एक चतुर्थांश जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात, आणि आईबापांत झाकून राहिलेले दोष नेमके अशा वेळी उघडे पडतात.

लॅब्रॅडॉरच्याच एका प्रसिद्ध संकराची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. अंधांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील एका संस्थेत वॉली कॉनरन काम करत होते. हवाईतील एका अंध महिलेला कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी होती. म्हणून कॉनरन यांनी 1989 मध्ये लॅब्रॅडॉर आणि ज्याचे कुरळे केस फारसे गळत नाहीत असा पूडल जातीचा कुत्रा यांची जोडी लावली. तीन पिल्ले झाली आणि त्यांपैकी एकाचाच त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. म्हणजे एकाच वेताच्या तीन पिल्लांतही हवा असलेला गुण हमखास मिळाला नव्हता. पुढे ‘लॅब्राडूडल’ नावाने अशा पिल्लांचा जगभर बाजार भरला, तेव्हा आपण हे सुरू करायला नको होते, अशी खंत स्वतः कॉनरन यांनी जाहीरपणे व्यक्त केली.

तुमच्या तांबीच्या खादाडपणालाही कदाचित वंशाचाच आधार असावा. लॅब्रॅडॉरमधील पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा सुमारे चौथाई कुत्र्यांत गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांना पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही, असे 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळले. तेव्हा पेंडीवरून तिला फार रागावू नका.

तांबीच्या सर्वांत जवळ जाणारे पिल्लू हवे असेल, तर ते तिच्याच आईबापांच्या पुढच्या वेतातून मिळू शकते, आणि तेही भावंडाइतकेच सारखे असेल. पण तिची आई आता वयाने उतरली असेल, तर तो विचारही सोडून द्यावा. शिवाय पिल्ले विकून पैसे घ्यायचे म्हटले, तर 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. अकरा सोयऱ्यांना हे सांगितले की त्यांतले निम्मे तरी आपोआप गळतील, असा माझा अनुभव आहे.

माझ्या मते तांबीची नसबंदी करून घ्यावी. त्यामुळे उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो. ती माजावर येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया करणे बरे, कारण माजाच्या काळात गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो. भूल देण्यापूर्वी तिच्या अंगात कारवानचे रक्त आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या धावऱ्या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते आणि थायोपेंटोनसारखे भुलीचे औषध त्यांच्या शरीरातून सावकाश उतरते, म्हणून त्यांना शुद्धीवर यायला वेळ लागतो. तांबी दिसायला लॅब्रॅडॉरसारखी असली, तर डॉक्टरांच्या हे चटकन लक्षात येणार नाही. तुम्हांला उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय सोयीचे पडेल.

सासरेबुवांना माझा एक प्रेमाचा आक्षेपही कळवा. ज्या कारवान आईचे पाय घेऊन तांबी धावते, ती आपल्याच मराठवाड्याच्या माळरानावरची आहे, त्यामुळे ‘गावठी’ या शब्दाला त्यांनी इतके लागून घेऊ नये. नसबंदीनंतर कुत्रीची भूक वाढते आणि वजनही चढते. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर तिला गव्हाणीकडे फिरकू देऊ नका, आणि त्यांच्या ताटातला भाकरीचा तुकडाही निदान काही महिने बंद ठेवायला सांगा.