वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यापूर्वी एसीची तयारी

प्रश्न : आमचे गाव दर्यापूर तालुक्यात आहे. दीड टनाचा स्प्लिट एसी दिवाळीपासून बंद आहे. भाववाढीच्या आशेने त्याच खोलीत कापूस भरून ठेवला होता, तो आता विकला गेला आहे. बाहेरचे युनिट घरामागे खळ्याच्या बाजूला आहे. एसी सुरू करण्यापूर्वी घरी काय करावे आणि मेकॅनिककडून काय करून घ्यावे?

उत्तर : ज्या खोलीत कापूस साठवला जातो, तेथील एसी बंद असला तरी कापसाचे बारीक तंतू त्याच्या जाळीत शिरून बसतात; म्हणून सुरुवात जाळीपासूनच करावी. केवळ रिमोटने एसी बंद न करता एमसीबी खाली पाडावी, जाळ्या काढून साध्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात, कारण प्लास्टिकची चौकट कडक उन्हात वाकडी होते. जाळीमागच्या कॉईलवर तंतू दिसल्यास मऊ ब्रश पत्र्यांच्या दिशेनेच, म्हणजे वरून खाली फिरवावा.

बाहेरच्या युनिटचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तूर, हरभरा आणि गहू यांची मळणी होताना उडणारे कुटार व धूळ त्याच्या मागील पत्र्यांत घट्ट बसते आणि खोलीतून काढलेली उष्णता बाहेर टाकण्याची वाटच बंद होते. हे युनिट पाण्याने धुवावे लागेल. मात्र आपला भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारे असलेल्या पट्ट्यात येत असल्याने बोअरचे पाणी त्यासाठी वापरू नये. ते वाळल्यावर क्षार ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर राहतात आणि पत्र्या हळूहळू खराब होतात. नळयोजनेचे गोडे पाणी कमी दाबाने सोडावे. गाड्या धुण्याच्या यंत्राचा फवारा पत्र्या वाकवतो. युनिटचे झाकण मात्र स्वतः उघडू नये, कारण वीज बंद केल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, पक्ष्यांची घरटी आणि सर्किट बोर्डवर मरून पडलेल्या पाली पाहण्याचे काम मेकॅनिकचे आहे.

पाण्याच्या नळीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि त्याला कारण आपले हवामानच आहे. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या हवेत एसीतून फारसे पाणी निघत नाही, त्यामुळे नळी तुंबलेली असली तरी कळत नाही; पाऊस सुरू होऊन हवेत दमटपणा आला की पाणी भिंतीवरून ओघळू लागते. मेकॅनिक आलेलाच असेल तर आतील तबकडीत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते की नाही, हे त्याच्याकडून तपासून घ्यावे.

अर्थिंगबद्दल आग्रहाने लिहावेसे वाटते. काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि जमिनीत पुरलेल्या पट्टीचा मातीशी असलेला संपर्क सुटू लागतो. म्हणजे एसीचा वापर सर्वाधिक असतो नेमक्या त्याच काळात अर्थिंग सर्वांत कच्चे असते. वायरमनकडून ते मोजून घ्यावे आणि खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत राहावे. डीपी (वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर) घरापासून लांब असेल तर संध्याकाळी व्होल्टेज किती उतरते तेही पाहावे व त्यानुसार स्टॅबिलायझर निवडावा.

ही कामे होळीपूर्वी उरकावीत. नंतर तालुक्याच्या ठिकाणचे मेकॅनिक घाईत असतात आणि घाईची सर्व्हिसिंग जाळी झटकण्यापलीकडे सहसा जात नाही.

प्रश्न : एसी रात्री उत्तम गार करतो, पण मे महिन्यात दुपारी खोली गार होत नाही. मेकॅनिक दरवर्षी गॅस भरण्यास सांगतो. गॅस दरवर्षी संपतो का? (ब्रह्मपुरी तालुका)

उत्तर : नाही. गाडीतील पेट्रोलाप्रमाणे हा गॅस खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बंद केल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग दिसतात का, ते पाहावे. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या केल्या जाव्यात आणि युनिटवरील पट्टीत छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरला जावा. आर-३२ गॅस ज्वलनशील असल्यामुळे तो नळ्यांत असताना जोडकामासाठी ज्योत लावू देऊ नये.

तथापि रात्री एसी उत्तम चालत असेल, तर दोष गॅसचा असण्याची शक्यता कमी वाटते. एसीची छापील क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत गेला की तीच क्षमता घटते आणि त्याच वेळी तापलेला स्लॅब खोलीत उष्णता सोडत असतो. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर द्यावा आणि बाहेरच्या युनिटवर सावली करावी, परंतु त्याच्या समोर व मागे हवा मोकळी खेळली पाहिजे. तणसाची गंजी त्याला टेकवून तर कधीच रचू नये.

प्रश्न : एसीसोबत कूलर चालवला तर वीज वाचते का? (आर्वी तालुका)

उत्तर : त्याच खोलीत असेल तर वाचत नाही. कूलर हवेत ओलावा सोडतो आणि एसीला तोच ओलावा वीज खर्चून काढावा लागतो. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते आणि एसीला बंद. कोरड्या उन्हाळ्यात दिवसभर कूलर आणि रात्री झोपताना २६ अंशांवर एसी व त्याच्या जोडीला पंखा, असा क्रम ठेवावा. मात्र एसी लावण्यापूर्वी कूलर बंद करून खोलीतील दमट हवा बाहेर जाऊ द्यावी.