नदी शांत होती की चित्रकारानं केली?

प्रश्न : जॉर्ज केलेब बिंगहॅम या अमेरिकन चित्रकाराचं ‘फर ट्रेडर्स डिसेंडिंग द मिसूरी’ हे १८४५चं तैलचित्र एका पुस्तकात पाहिलं. धुकं, सपाट पाणी, लांबुडकी होडी, तिच्यात फर विकायला निघालेले बाप-लेक. घडत काहीच नाही, तरी नजर तिथून हलत नाही. मिसूरी खरंच इतकी संथ होती का? आणि होडीच्या टोकाला बसलंय ते मांजर की कोल्हा?

उत्तर : आधी प्राण्याचं मिटवून टाकू. ते साखळीनं बांधलेलं अस्वलाचं पिल्लू आहे. नाकडोळे नाहीत, नुसता काळा आकार आणि वर दोन कान. त्यामुळे भल्याभल्यांना ते मांजर वाटलंय.

आता नदी. मिसूरी इतकी गढूळ की तिथले लोक तिला ‘बिग मडी’ म्हणतात. काठ ढासळायचे, झाडं मुळासकट पात्रात यायची आणि पाण्याखाली अडकलेल्या त्या खोडांवर आपटून आगबोटी फुटायच्या. बिंगहॅमला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तो आठेक वर्षांचा असताना त्याचं कुटुंब ज्या फ्रँकलिन गावात राहायला आलं, ते गाव पुढं १८२०च्या दशकात याच नदीच्या पुरात गेलं. तेव्हा चित्रातली शांतता त्याची स्वतःची, विचारपूर्वक रचलेली. मला तरी हे चित्र त्यामुळेच मोठं वाटतं.

ती रचलीय कशी, पाहा. होडी पूर्ण बाजूनं दाखवलीय, चौकटीच्या खालच्या कडेला जवळजवळ समांतर. पलीकडची झाडीही तशीच आडवी. या आडव्या पट्ट्यांवर उभे आकार तीनच : पिल्लू, सामानावर रेललेला निळ्या शर्टातला मुलगा आणि वल्हं धरलेला म्हातारा. तिघांमध्ये मोकळी जागा, खाली पाण्यात त्यांची प्रतिबिंबं. घाई सुचवणारी ठसठशीत तिरकी रेघ कुठंच नाही. शिवाय दोघं माणसं थेट आपल्याकडे बघतात, म्हणून आपणही थबकतो.

पुढच्या पाण्यातून डोकावणारे ओंडके अंगठ्यानं झाकून बघा. पाण्याची खोली गेली ना? चित्र गोडगोड होऊन बसतं. धोका त्यानं पुसलेला नाही, कोपऱ्यात ठेवलाय.

आणखी एक. बीव्हर या नदीकाठच्या प्राण्याच्या फरपासून बनवलेल्या टोप्या मागे पडून रेशमी टोप्या आल्या होत्या, त्यामुळे फरचा हा धंदा १८४५पर्यंत उतरणीला लागला होता. म्हणजे बिंगहॅम मावळतं जग रंगवत होता. त्यानं दिलेलं मूळ नाव होतं ‘फ्रेंच व्यापारी आणि त्याचा मिश्रवंशीय मुलगा’ अशा अर्थाचं. मिश्रवंशीयाला त्यानं वापरलेला शब्द आज शिवीच ठरेल. चित्र विकत घेणाऱ्या अमेरिकन आर्ट-युनियन या संस्थेनं नाव बदललं. शब्द गेला ते बरं झालं, पण बाप-लेकाचं नातंही नावातून गेलं, हे मला खटकतं. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. पुस्तकात भव्य वाटलं असेल, प्रत्यक्षात जेमतेम ७४ × ९३ सेंटिमीटर.

प्रश्न : तैलरंगात असं धुकं रंगवायला गेलं की माझं चित्र मळकट होतं. काय करू?

उत्तर : ओल्या झाडीवर पांढरा फासत असणार. झाडी आधी पूर्ण वाळू द्या; घाई असेल तर धुक्याच्या वाटेला जाऊच नका. मग पांढऱ्यात किंचित पिवळा गेरू आणि गुलाबीची छटा मिसळून, जवळजवळ कोरड्या ब्रशनं अगदी विरळ थर ओढा, खालचा रंग दिसत राहील इतपत. लगेच मऊ, स्वच्छ ब्रश हलक्या हातानं आडवा फिरवून कडा मोडा. लांबची झाडी जवळच्या झाडीपेक्षा फिकी हवी, हे मात्र पहिल्या थरातच ठरवून घ्या. धुकं नंतर ते काम करणार नाही. आणि काळा रंग पॅलेटवर काढूच नका.