खारपाणातली पऱ्हाटी आणि करपलेला हरभरा

प्रश्न : ताई, मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, वावर मात्र दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यात आहे. बोअरचं पाणी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, दिलं, हरभऱ्यालाही दिलं. पऱ्हाटी उभी राहिली. हरभऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या, झाडं बसली. पाणी तेच, माती तीच, मग असं का? दुकानदार क्षार सोसणारं गव्हाचं बियाणं घ्या म्हणतो. घेऊ का?

उत्तर : दादा, आधी हरभऱ्याचं पाहू. खारं पाणी दोन बाजूंनी मारतं. कोशिंबिरीत मीठ घातलं की काकडीला पाणी सुटतं ना, तसं खाऱ्या मातीत मुळांना पाणी ओढणंच जड जातं. वावर ओलं दिसतं आणि पीक तहानलेलं असतं. दुसरा मार हळूहळू बसतो. पाण्यासोबत वर चढलेलं सोडियम आणि क्लोराइड पानात साठत जातं. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून आधी जुनी पानं जातात, तीही कडेकडेने. तुम्ही लिहिलेली खूण हीच आहे.

पऱ्हाटीही मीठ पानात घेते, पण ते पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या मोठ्या पाणथळ पिशवीत, कोंडून ठेवते. पेशीचं कामकाज चालतं त्या भागाला त्याची झळ कमी लागते. उलट रिक्तिकेत साठलेल्या त्या मिठामुळेच तिला खाऱ्या मातीतून पाणी ओढता येतं. हरभऱ्याला हे फारसं साधत नाही. प्रचलित तक्त्यांत जमिनीची विद्युत वाहकता, म्हणजे तिच्यातल्या मिठाचं माप, ७.७ डेसीसायमन प्रति मीटर होईपर्यंत कपाशीचं उत्पन्न घटत नाही. गव्हाची मर्यादा ६, सोयाबीनची ५ आणि आपल्या संत्र्याची जेमतेम १.७. पण हे आकडे वाढलेल्या पिकाचे आहेत. उगवतीची पऱ्हाटी खूपच नाजूक असते, तेव्हा पेरणीनंतर लगेच खारं पाणी देऊ नका.

गव्हाची तऱ्हा निराळी. तो सोडियम वर चढू देत नाही. मुळातल्या जलवाहिनीभोवतीच्या पेशी प्रवाहातलं सोडियम पुन्हा ओढून घेतात, पोटॅशियम मात्र वर जाऊ देतात. पोळीच्या गव्हात, म्हणजे लोकवनमध्येही, हे काम चांगलं होतं. विदर्भाच्या जुन्या बन्सी गव्हात ते कमी पडतं, कारण पोळीच्या गव्हाला रानगवताकडून मिळालेला गुणसूत्रांचा एक संच बन्सीकडे नाही. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी बन्सीच्याच जातकुळीतल्या गव्हात एका प्राचीन गव्हाचं असं जनुक संकराने आणलं. २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार खाऱ्या शेतात उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढलं. मला ही बातमी फार मोलाची वाटते, कारण बन्सीची चव सोडवत नाही.

तरीही बियाण्यावर आत्ताच पैसा घालू नका, असं मी कळकळीने सांगते. ‘क्षार सोसणारं’ या एका शब्दाखाली दोन वेगळे रोग झाकले जातात. एकात मातीत एकूण मीठ जास्त असतं. दुसऱ्यात सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटतं. काळी जमीन फुगून बंद होते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. पूर्णेच्या खोऱ्यात हा दुसरा रोग मोठा आहे, आणि गुदमरलेल्या मुळाला सोडियम रोखायचं बळ राहत नाही. या सगळ्या रोखण्या-कोंडण्याला झाडाची ऊर्जा लागते, म्हणून सोसणारं पीकसुद्धा खुजं राहतं. कर्नालच्या क्षारजमीन संशोधन संस्थेचं केआरएल २१० हे गव्हाचं चांगलं वाण आहे, पण ते उत्तरेच्या लांब थंडीतलं. आपला हिवाळा तोकडा.

आधी माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासा. अहवालात विद्युत वाहकता, सामू (पीएच) आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, हे तीन आकडे मागून घ्या. नुसत्या नत्र-स्फुरद-पालाशवर परत येऊ नका. हे चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर अहवालातल्या मात्रेने पावसाळ्याआधी जिप्सम टाका. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, सुटलेलं सोडियम पावसाने धुऊन जातं. त्यासाठी चर मोकळे हवेत, नाहीतर ते तिथेच राहील. हरभरा जमिनीतल्या ओलीवरच घ्या. एखादं पाणी द्यावंच लागलं तर शेततळ्यातलं द्या, बोअरचं नको.

प्रश्न : आरओ मशीनचं टाकाऊ पाणी गच्चीवरच्या भाज्यांना चालेल का? — एक गृहिणी, धरमपेठ

उत्तर : मशीनने गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात, म्हणून रोज नको. घेवडा सर्वांत आधी करपेल, त्याला देऊच नका. पालक, बीट, चाकवत, चंदनबटवा हे एकाच कुळातले आणि मीठ सोसणारे. त्यांना साध्या पाण्यात निम्मं मिसळून चालेल. कुंडीचं भोक उघडं ठेवा आणि अधूनमधून साधं पाणी खालून वाहून जाईपर्यंत घाला. मातीवर पांढरा थर दिसला तर वरची माती काढून टाका, आत कालवू नका.