शुक्रवारी सोडू नका

पत्र, थोडक्यात: वय ४३. चौदा वर्षं पितोय, गेली पाच वर्षं रोज. आता दिवसाला पाऊण बाटली व्हिस्की लागते आणि सकाळचा पहिला पेग पोटात जाईपर्यंत हात थरथरतात. शेवटी डिटॉक्ससाठी, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू उतरवण्यासाठी, नाव नोंदवलं, पुढच्या सोमवारी सकाळी दहाला भरती व्हायचंय. आत काय करतात? बांधून ठेवतात का? मोबाइल देतात का? बॅगेत काय न्यायचं? दारूचा वास घेऊन डॉक्टरांपुढे उभं राहायची लाज वाटते, म्हणून शुक्रवारी रात्री दहाला शेवटचा पेग घेऊन थांबणार आहे. शनिवारी सकाळी पत्नी घरातल्या सगळ्या बाटल्या ओतून टाकणार आहे. तिने फार सोसलंय. दीड वर्षापूर्वीही घरीच थांबलो होतो. दुसऱ्या दिवशी अशक्तपणामुळे बाथरूममध्ये पडलो आणि जीभ चावली गेली, तेवढं सोडलं तर विशेष त्रास झाला नव्हता.

उत्तर:

तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं देते. पण आधी ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, ते. जीभ चावली गेली होती.

अशक्तपणाने पडणाऱ्याचा गुडघा फुटतो, कपाळाला खोक पडते. जीभ चावली जाणं हे बहुतेक वेळा आकडीचं, म्हणजे फिटचं लक्षण असतं, कारण तेव्हा जबडा आवळला जातो. त्यात तुम्ही रोज पिणारे, दारू अचानक तोडलेली आणि दुसरा दिवस. आज पत्नीला शांतपणे विचारा: मी किती वेळ हाकेला ओ देत नव्हतो? अंग ताठ झालं होतं का, झटके येत होते का? कपड्यात लघवी झाली होती का? उठल्यावर किती वेळ गोंधळलेला होतो? उत्तरं काहीही येवोत, डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे.

आता तुमचा बेत घड्याळावर मांडून बघू. शुक्रवारी रात्री दहाला शेवटचा पेग. साधारण सहा ते आठ तासांत, म्हणजे शनिवारी पहाटे, थरथर, घाम, मळमळ सुरू होणार. दारू तोडल्यावर येणाऱ्या आकडीची मुख्य वेळ शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तास, म्हणजे शनिवार पहाटेपासून रविवारी रात्री दहापर्यंत. तो सगळा काळ तुम्ही घरी असणार. डिलिरियम ट्रेमेन्स नावाची अवस्था, ज्यात माणसाला ताप चढतो, नाडी धावते, वेळ-काळाचं भान जातं आणि नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, ती बहुधा ४८ ते ९६ तासांत सुरू होते. ती सगळ्यांना होत नाही, पण झाली तर जीव जाऊ शकतो. सोमवारी सकाळी दहाला तुमचे साठ तास झालेले असतील. ज्या दिवसांसाठी रुग्णालय हवं, त्यातले निम्म्याहून जास्त तुम्ही लाजेपायी घरात काढणार आहात.

हे का होतं तेही सांगते. दारू मेंदूतली शांत करणारी यंत्रणा वाढवते आणि उत्तेजित करणारी दाबून ठेवते. वर्षानुवर्षं रोज दारू पडली की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलटा जोर लावायला शिकतो. दारू एका रात्रीत काढून घेतली तरी तो जोर चालूच राहतो, म्हणून हात थरथरतात, झोप उडते, आकडी येते. प्रत्येक वेळी अशी अचानक तोडल्यावर पुढची खेप अनेकदा आधीपेक्षा जड जाते. मागच्या वेळी निभावलं, हा तुमच्यासाठी दिलासा नाही. तो धोक्याचा इतिहास आहे.

तेव्हा एकच काम करायचं आणि ते आजच. भरतीच्या ठिकाणी फोन करा आणि सांगा: 'रोज पाऊण बाटली पितो. दीड वर्षापूर्वी दारू तोडल्यावर दुसऱ्या दिवशी पडलो, जीभ चावली गेली, आकडी असावी. सोमवारच्या आधी बेड मिळेल का? नाहीतर तोपर्यंत काय करू?' त्याच फोनवर रात्री डॉक्टर आणि नर्स हजर असतात का हेही विचारा. नसतील तर ती जागा तुमच्यासाठी नाही, दुसरी शोधा. डॉक्टर काही सांगेपर्यंत नेहमीचं प्रमाण अचानक तोडू नका आणि 'आता शेवटचीच' म्हणून वाढवूही नका. गाडी चालवू नका. त्याआधीच थरथर वाढली, उलट्या थांबेनात, भास झाले किंवा आकडी आली, तर सोमवारची वाट न बघता सरळ आपत्कालीन विभागात जा. आकडी आली तर घरच्यांनी तुम्हाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, कापड, पाणी काहीही घालायचं नाही.

पत्नीने किती सोसलं याबद्दल मी इथे लिहिणार नाही. शनिवारी बाटल्या ओतण्याचा बेत रद्द करा, हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या. तुम्ही भरती झाल्यावर त्यांनी खुशाल ओताव्यात.

आणि त्या वासाबद्दल. डिटॉक्सच्या वॉर्डात तो कुणालाच नवा नसतो. शेवटचा पेग किती वाजता घेतला हे तिथे आधी विचारतात, कारण सगळं घड्याळ तिथून लागतं. खरा आकडा सांगा. लाजून निम्मी दारू सांगितली तर औषधही कमी पडू शकतं. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या अधूनमधून घेत असाल तर पाकिटं घेऊन जा, कारण त्या अचानक बंद झाल्यानेही आकडी येते.

आत गेल्यावर नाडी, रक्तदाब, ताप बघतात. रक्त घेतात: यकृत, मूत्रपिंड, साखर, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. मग दर काही तासांनी, रात्री उठवूनही, नर्स येऊन हात पुढे धरायला सांगते, घाम बघते, आज वार कोणता हे विचारते. यासाठी वापरात असलेल्या एका मोजपट्टीत दहा मुद्दे असतात, कमाल गुण ६७. गुण वाढले की औषध वाढतं. झोपमोड होईल, चिडचिड होईल, पण मोजू द्या. औषध बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम असतं, यकृत खराब असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवसांत जास्त देतात आणि साधारण पाच ते सात दिवसांत उतरवत बंद करतात. भरतीच्या वेळी दारू चढलेली असेल तर पहिली गोळी थोडी थांबवतात, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.

थायमिनचं, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन नाकारू नका. रोज पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही, म्हणून नुसती गोळी पुरत नाही. ते ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा बरोबरच द्यायचं असतं, कारण साखर वापरताना शरीर उरलंसुरलं थायमिनही खर्च करतं. ते संपलं की तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, गोंधळ होतो आणि स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

बांधून ठेवतात का? अस्वस्थतेवर पहिला उपाय औषध असतो. बांधतात का, कधी आणि कुणाच्या आदेशाने, हे फोनवर स्पष्ट विचारा. गुळमुळीत उत्तर आलं तर तिथे जाऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'मी बरा आहे, घरी जातो' असं तुम्हाला ठामपणे वाटेल. तेव्हा नर्सला पुन्हा गुण मोजायला सांगा आणि सकाळपर्यंत थांबा. चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेकांना बरं वाटू लागतं, भूक परत येते. झोप मात्र काही आठवडे तुटकच राहील. घरी जाण्याआधी दारू पुन्हा सुरू होऊ नये म्हणून देतात त्या औषधाचं बोला: नॅलट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम. डायसल्फिराम घेत असताना दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ते तुम्हाला सांगूनच द्यायचं असतं. कुणीही जेवणात लपवून घालायचं नाही, हे पत्नीलाही सांगा.

मोबाइल बऱ्याच ठिकाणी पहिले काही दिवस जमा करतात, तेव्हा नंबर कागदावर लिहून न्या. घाम फार येतो, म्हणून सुती कपड्यांचे चार-पाच जोड, नाडीऐवजी इलॅस्टिकची पँट, बिनलेसच्या चपला आणि वाचायचा चष्मा घ्या. माउथवॉश, आफ्टरशेव्ह, सॅनिटायझर घरीच ठेवा. त्यांत अल्कोहोल असू शकतं, दारात काढून घेतील. एका कागदावर सध्याची औषधं, ॲलर्जी आणि रोजचं खरं प्रमाण लिहा. आणि त्या कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात, ती जीभ चावली गेल्याची घटना, महिना आणि वर्षासकट.