मिनी ट्रॅक्टर पिकअपमध्ये न्यायचाय, बांधायचा कसा?

प्रश्न : नारायणगावजवळ एक जुना मिनी ट्रॅक्टर घेतलाय, 24 एचपीचा, फोर व्हील. द्राक्षबागेसाठी. दिंडोरीला आणायचाय. पिकअपवाला म्हणतो दोन नायलॉनचे दोर आणि हॅन्डब्रेक, बास झालं, रोज नेतो आम्ही. घरचे म्हणतात चंदनापुरीचा घाट आहे, नीट बघ. सोबत रोटाव्हेटर पण आहे. खरंच दोर पुरतो का?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : नाही पुरत भाऊ, घरच्यांचं ऐका. रोज नेतो म्हणणाऱ्याला रोज करकचून ब्रेक मारायची वेळ येत नाही, एवढंच.

आधी हिशोब करू. ट्रॅक्टर साधारण 900 किलोचा धरा. माल बांधायच्या हिशोबात असं धरतात की जोरात ब्रेक लागला तर वजनाच्या 80 टक्के जोर पुढे येतो, आणि वळणावर आडवा किंवा मागे निम्मा. म्हणजे घाट उतरताना समोर एसटी आली आणि तुमच्या ड्रायव्हरने पाय दाबला की 720 किलोचा धक्का केबिनकडे. हॅन्डब्रेक चाक फिरू देत नाही हे खरं, पण चाक न फिरता अख्खा ट्रॅक्टर पत्र्यावरून घसरतो त्याचं काय? त्यात हौद्यात माती नाहीतर डिझेल सांडलेलं असलं की झालंच. आणि नायलॉनचा दोर ताणतो हो. निघताना टणक वाटतो, आळेफाट्याला चहाला थांबाल तेव्हा हात लावून बघा, झोपाळ्यासारखा झालेला असतो. ट्रॅक्टरला स्प्रिंगा नसतात, तो टायरवरच उड्या मारतो, प्रत्येक उडीत दोर थोडा ढिला.

तर घ्यायचे ते रॅचेटवाले पॉलिस्टरचे बेल्ट, 50 एमएम रुंदीचे, चार. मोटारसायकल बांधायचे 25 एमएमवाले नकोत. बेल्टला शिवलेलं लेबल असतं त्यावर एलसी, म्हणजे बेल्ट किती ओढ सहन करतो ते, आणि पुढे आकडा लिहिलेला असतो, 2500 डॅन वगैरे, डॅन म्हणजे ढोबळ मानाने किलोच समजा. लेबल नसलेला, कडेने उसवलेला किंवा गाठ मारून जोडलेला बेल्ट घेऊ नका, गाठ पडली की ताकद बरीच जाते. बेल्ट तिरका बसतो त्यामुळे त्याची पूर्ण ताकद एका दिशेला मिळत नाही, म्हणून एवढे जाड.

आता मुख्य गोष्ट, बांधायचं कुठे. चारही बेल्ट वेगळे, एक बेल्ट एका कोपऱ्याला, म्हणजे एक सुटला तरी बाकीचे तीन धरून राहतात. पुढचे दोन पुढे आणि खाली ओढणारे, मागचे दोन मागे आणि खाली ओढणारे, एकमेकांच्या विरुद्ध. बेल्ट फार उभाही नको, फार आडवाही नको. पुढे चेसिसचा हूक किंवा वजनं लावायचं ब्रॅकेट धरा, मागे ड्रॉबारचं ब्रॅकेट किंवा ॲक्सलचं हाऊसिंग. टायरॉडला (पुढची चाकं वळवणारा दांडा), बंपर गार्डला, मागच्या लिफ्टच्या हातांना अजिबात नाही. हे हात वरखाली हलतात, ते हलले की बेल्ट सैल. टायरॉड वाकलेला ट्रॅक्टर आमच्याकडे आला होता एकदा, मालक म्हणे गाडीत नुसता बांधून आणला, चालवला पण नाही. पुढचं चाक एकीकडे आणि स्टिअरिंग दुसरीकडे.

पिकअपच्या बाजूनेही बघा. फाळक्याच्या बाहेर जे छोटे वाकडे हूक असतात ते ताडपत्रीच्या दोरीचे आहेत, ट्रॅक्टरचे नाहीत. हौद्याच्या तळाला किंवा चेसिसला जोडलेली कडी शोधा. नसेल तर गाडीच बदला, मी सरळच सांगतो. बेल्ट लोखंडी कडेवरून जात असेल तिथे गोणपाटाची घडी किंवा जुन्या टायरचा तुकडा घाला. रॅचेटच्या दांड्याला पाईप लावून जोर काढू नका, हाताने जेवढं बसतं तेवढं पुरे. बेल्टचं उरलेलं टोक गुंडाळून बांधा, ते मागच्या चाकात गेलं की वेगळीच कथा.

चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि ते सरकणार नाहीत असे पक्के करा. दगड नको, दगड हादऱ्याने निसटतो. ट्रॅक्टर लो गिअरमध्ये, हॅन्डब्रेक ओढलेला, चावी खिशात. टायरात हवा नेहमीएवढी असू द्या, कमी हवेचा टायर दबतो आणि सगळे बेल्ट सैल पडतात. फायबरचं छत असेल तर काढून ठेवा. सायलेन्सरवर डबा.

रोटाव्हेटर ट्रॅक्टरला लटकवून नेऊ नका. तो काढा, वेगळा चढवा, वेगळा बांधा, तोही दोनशे किलोच्या घरात असतो. आणि वजनाची बेरीज करा, ट्रॅक्टर अधिक रोटाव्हेटर अधिक माणसं. पिकअपला जमून जातं, छोट्या हत्तीला नाही. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्यात 20 हजार दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार, तो वाचवायला तरी मोठी गाडी करा.

चढवताना मात्र जास्त सांभाळा, माझ्या मते बांधण्यापेक्षा इथेच जास्त माणसं जखमी होतात. हौदा अडीच फूट उंच असेल तर फळी 9-10 फुटी पाहिजे, 5 फुटीवर तोंड पुढे करून चढलात तर पुढची चाकं उचलतात. उभा चढ असेल तर रिव्हर्सने चढवा. फळ्या गाडीला साखळीने बांधा, नाहीतर चाक फिरलं की फळी मागे उडते. पिकअपच्या चाकांना पण ठोकळे लावा. आणि दोन्ही ब्रेकपेडलची कडी जोडायला विसरू नका! शेतात वळायला आपण ती सुटी ठेवतो, फळीवर एकच पेडल दबलं की ट्रॅक्टर गर्रकन फिरून खाली. एखादा बांध किंवा बाजार समितीचा फलाट मिळाला तर फळ्यांचा खटाटोपच नको.

निघाल्यावर 8-10 किलोमीटरवर थांबून बेल्ट आवळा, मग घारगावच्या आसपास, चंदनापुरी उतरण्याआधी पुन्हा. पाचच मिनिटं लागतात.

प्रश्न : ट्रॅक्टर दोनचाकी ट्रॉलीत घालून दुसऱ्या ट्रॅक्टरमागे नेला तर ट्रॉली डुलते. का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : वजन ॲक्सलच्या मागे गेलंय. ट्रॅक्टर थोडा पुढे घ्या, हिचवर, म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतो त्या जागी, एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी दाबला पाहिजे. मागे भार गेला की हिच वर उचलतं, मग ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि उतारावर ट्रॉलीच तुम्हाला ढकलते.

प्रश्न : नेताना एक माणूस ट्रॅक्टरच्या सीटवर ब्रेक दाबून बसवला तर चालेल का? आमच्याकडे बसतात.
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : नाही. बसतात ते मलाही माहिताय. 900 किलो घसरायला लागल्यावर तो ब्रेक दाबून काय करणार, उलट गाडी कलली तर उडी मारायलाही जागा नाही. त्याला केबिनमध्ये घ्या, जागा नसेल तर एसटीने येऊ द्या.