थ्रीडी पात्र तरंगल्यासारखं दिसतंय?

थ्रीडीला हाताने काढलेल्या जपानी अ‍ॅनिमेशनचा लूक द्यायचाय, पण तुझं पात्र तरंगतंय, कारण ते प्रत्येक फ्रेमला हलतंय. जपानी टीव्ही अ‍ॅनिमेशन सेकंदाला 24 फ्रेमचंच असतं, पण हाताने काढलेलं चित्र बहुधा 2 किंवा 3 फ्रेम तसंच राहतं. म्हणजे सेकंदाला 12 किंवा 8 चित्रं. म्हणून इंटरपोलेशन (दोन पोझमधली हालचाल सॉफ्टवेअरने आपोआप भरणं) माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टेप्ड’, ब्लेंडरमध्ये ‘कॉन्स्टंट’ कर आणि पोझ एकेक करून स्वतः लाव. एकाआड एक फ्रेम गाळण्याचा शॉर्टकट नको, त्यात नेमकी टोकाची पोझच उडते. कॅमेरा 24 वरच, म्हणजे प्रत्येक फ्रेमला हलता, राहू दे. तो पात्रासोबत सरकत असेल, तर मात्र पात्र थरथरेल. तेवढ्या शॉटपुरती पात्राची जागा 24 वर ने, पोझ 12 वरच ठेव.

बाह्यरेषेसाठी मॉडेलची किंचित फुगवलेली, नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणाऱ्या दिशा) उलटे केलेली काळी प्रत पुरते. तिची जाडी कॅमेऱ्याच्या अंतराशी जोड, नाहीतर क्लोजअपमध्ये रेषा जाडजूड दिसते आणि लांबच्या शॉटमध्ये बारीक होऊन नाहीशी होते.

खरी डोकेदुखी चेहऱ्याची. नाकाशेजारी सावलीचे वेडेवाकडे तुकडे पडतात. साध्या गोलाकार जाळीवरून (मेशवरून) नॉर्मल चेहऱ्यावर ट्रान्सफर केले की सावलीची कड साफ होते. ऑरेंज स्टुडिओची 2017 ची ‘होसेकी नो कुनी’ ही थ्रीडी अ‍ॅनिमे मालिका एकेक फ्रेम थांबवत बघ, केसांपासून सुरुवात कर.